हिमसेल्फची दोन कामं

सोमवार, ४ मार्च

"मायसेल्फ—" एवढंच म्हणाले आणि बाईंनी हात वर केला. थांब.

"स्वतःची ओळख करून देताना 'मायसेल्फ' असं एकटंच दारात उभं राहत नाही. आधी 'आय'ला आत येऊ दे."

सोळा वर्षं मी फोनवर, पाहुण्यांसमोर, साहेबांच्या वरच्या साहेबांसमोर 'मायसेल्फ अमुक' असंच म्हणत आले. कुणी हसलं नाही. हसले असतील – मी गेल्यावर.

तर आज शिकवणीचा पहिला दिवस. बाई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. सकाळी साडेसहा ते साडेसात, मग मी कारखान्यात. एप्रिलमध्ये हेडक्लार्कच्या जागेसाठी परीक्षा आहे, त्यात इंग्रजीचा एक पेपर. मी म्हटलं, इंग्रजी टाइप तर मी रोजच करते, न बघता करते. बाई म्हणाल्या, "तुझ्या बोटांना येतं. तुला नाही."

झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच.

मंगळवार, ५ मार्च

सेल्फ लावलेल्या शब्दांची दोन कामं. वहीत बाईंच्या शब्दांत लिहून ठेवते.

एक – करणारा आणि सोसणारा एकच असतो तेव्हा. 'आय सॉ मायसेल्फ इन द मिरर.' आरशात मी मलाच पाहिलं. 

दोन – नुसता जोर द्यायला. 'आय मायसेल्फ सॉ हिम.' मी स्वतः पाहिलं, ऐकीव नाही.

ओळखायचं कसं? तो शब्द काढून बघायचा. वाक्य लंगडं झालं तर पहिला प्रकार. वाक्य तसंच ताठ उभं राहिलं तर दुसरा. मला हे फार आवडलं. व्याकरणात असं स्क्रू काढून बघता येतं हे माहीत नव्हतं.

मी म्हटलं, म्हणजे आपला 'च'. त्यानेच केलं. बाई म्हणाल्या, "सख्खा नाही, चुलत. 'त्यानेच' म्हणजे दुसऱ्या कुणी नाही. 'खुद्द', 'जातीने', 'स्वतः' – हे जवळचे."

उदाहरणं घरून करून आणायला सांगितली होती. 'माय ब्रदर रिपेअर्ड द टॅप हिमसेल्फ.' धाकटा आमच्याच कारखान्यात फिटर आहे – मीच शब्द टाकून चिकटवला त्याला. वाक्य बरोबर आलं. नळ मात्र आता दोन ठिकाणी गळतो.

बुधवार, ६ मार्च

मायसेल्फ, युवरसेल्फ – मग हिजसेल्फ का नाही, हिमसेल्फ का? बाई म्हणाल्या, "मीही तीस वर्षं हेच विचारते आहे. पाठ कर."

गुरुवार, ७ मार्च

बाईंनी सांगितलं होतं, पुस्तकातली वाक्यं पुरे, तू टाइप केलेल्या कागदांत सेल्फ शोध. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या प्रती चाळल्या. पत्रं, स्मरणपत्रं, कोटेशनं – एकही नाही. आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवतो. खोक्यांच्या पत्रव्यवहारात कुणी स्वतःबद्दल बोलत नाही.

मग २३ फेब्रुवारीचा अपघाताचा अहवाल हाती आला. एका वाक्यात दोन सापडले.

'द वर्कर हिमसेल्फ रिमूव्ह्ड द गार्ड अँड इंजर्ड हिमसेल्फ.' गार्ड म्हणजे मशीनच्या पात्यापुढची जाळी.

पहिला काढला – वाक्य उभं. म्हणजे जोराचा. दुसरा काढला – इजा केली, पण कुणाला? वाक्य लंगडं. म्हणजे पहिल्या प्रकारचा. दोन्ही प्रकार एका ओळीत! परीक्षेत घालावं असं वाक्य, आणि ते मी केलेलं. लहान पोरासारखा आनंद झाला.

पुढच्याच मिनिटाला लक्षात आलं. हे वाक्य फूटपट्टीकाकांबद्दल आहे.

काका कटिंग मशीन चालवतात. पुठ्ठ्याकडे नुसतं बघून माप सांगतात आणि पट्टी लावली की तेवढंच भरतं, म्हणून हे नाव. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एक तुकडा वाकडा कापला गेला नसेल. २२ फेब्रुवारीला पात्याखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून अहवाल मराठीत सांगितला, मी उभ्या उभ्या टिपून घेतला आणि इंग्रजी करून टाइप केला. वीस मिनिटांत. साहेब म्हणाले, "तुमचं काम म्हणजे काम."

वीस मिनिटांत मी काय लिहिलं ते आज जवळजवळ दोन आठवड्यांनी वाचलं.

शुक्रवार, ८ मार्च

वाक्य बाईंना दाखवलं. गार्ड म्हणजे जाळी, एवढंच सांगितलं; कुणाचं, कशाचं ते नाही.

त्यांनी चष्मा पुसला. "व्याकरण बिनचूक आहे."

"आणि अर्थ?"

"अर्थ असा की जाळी त्याने काढली आणि लागलंही त्याच्याच हातून. पहिला हिमसेल्फ बघ. तो नसता तरी चाललं असतं. मग घातला का? माणूस जोर कुठे देतो? जिथे समोरचा विचारील असं त्याला वाटतं, तिथे. इथे कुणीतरी विचारील की जाळी काढली कोणी, याची धास्ती लिहिणाऱ्याला होती."

मी दुसऱ्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "इंग्रजीत मूल पडलं तरी 'ही हर्ट हिमसेल्फ' म्हणतात. त्यात दोष असतोच असं नाही. पण वाक्यात दोनच जागा असतात, करणाऱ्याची आणि सोसणाऱ्याची. दोन्हीकडे एकच माणूस बसवला की तिसऱ्याला जागा उरत नाही."

तिसरं म्हणजे मशीन. बाईंना मशीन माहीत नव्हतं. मला होतं.

बसस्टॉपपर्यंत तेच डोक्यात. आपल्याकडे काय म्हणतात – काकांना लागलं. बोटं गेली. त्या दिवशी ऑफिसखाली, कारखान्यात सगळे हेच म्हणत होते. 'लागलं' म्हटलं की लावणारा कुणी नसतो, ते आपलं येऊन लागतं. पण साहेबांनी सांगितलं होतं, "स्वतःच जाळी काढली आणि इजा करून घेतली." करून घेतली! त्या 'घेतली'त सगळं आलं. मी ते इमानाने इंग्रजीत नेलं. एक अक्षर सांडलं नाही.

शनिवार, ९ मार्च

जाळी खरंच काकांनी काढली का? हे मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

फिटर लोक मशीनवर काही केलं की चिठ्ठी लिहून माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकतात. मी भोकं पाडून फाइलला लावते. वाचत नाही. आज फेब्रुवारीची फाइल काढली आणि एकेक वाचली.

'१२ फेब्रुवारी. कटिंग मशीनची जाळी काढून स्टोअरला जमा. साहेबांच्या तोंडी सांगण्यावरून. काम पूर्ण.' 

अपघाताच्या दहा दिवस आधी. खाली धाकट्याची सही.

माझ्या भावाची सही. मीच भोकं पाडलेली चिठ्ठी.

चिठ्ठी होती तिथेच ठेवली. संध्याकाळी त्याला गच्चीवर बोलावलं, आईला ऐकू जायला नको म्हणून. म्हटलं, जाळी तू काढलीस. 

तो कठड्याला टेकून उभा राहिला. "मोठी ऑर्डर होती. जाळी उचलायची, गठ्ठा सरकवायचा, जाळी खाली. साहेब म्हणाले यात वेळ जातो, काढून टाक."

"आणि तू काढलीस."

"सांगितलं म्हणून काढली, ताई."

"सांगितलं म्हणून! तुला डोकं नव्हतं? माणसाची बोटं गेली."

"मला माहीत आहे कुणाची काय गेली. मशीन मी थांबवलं. तू वर होतीस."

मी म्हटलं, ती चिठ्ठी अजून फाइलला आहे. तो खाली निघून गेला.

रविवार, १० मार्च

काकांकडे गेले. दोन खोल्या, खिडकीत धुतलेल्या पट्ट्या वाळत घातलेल्या. काका शर्टाची बटणं डाव्या हाताने लावत होते. काकू मदतीला सरकल्या तर म्हणाले, "मी लावतो." चार बटणांना माझा अर्धा चहा संपला. काकू खिडकीबाहेर बघत बसल्या – बघवत नाही म्हणून.

अहवालाची प्रत पर्समध्ये होती, खाली काकांचा अंगठा उमटलेला. विचारलं, काका, तुम्ही यावर अंगठा दिला तेव्हा काय लिहिलंय ते कुणी सांगितलं?

"नाही. इस्पितळात आणला होता. उजवा हात बांधलेला, सही कशी करू? म्हणाले डावा अंगठा चालेल. इस्पितळाचे कागद म्हणाले."

मी वाचून दाखवलं. इंग्रजी नाही, अर्थ. कामगाराने स्वतः जाळी काढली आणि स्वतःला इजा करून घेतली. सगळी ओळ एका दमात म्हणून टाकली.

काकूच आधी बोलल्या. "यांनी जाळी काढली? यांच्याकडून घरातला खिळा निघत नाही."

काका म्हणाले, "मला पाना धरता येत नाही, पोरी. मी कापणारा माणूस." मग म्हणाले, "म्हणजे हलगर्जीपणाचं पत्र आलंय ते यावरून होय. मला वाटलं, म्हातारा झालो म्हणून."

"कामावर घेणार नाहीत?"

"चौकशी आहे म्हणतात. बोटांचं सोड, आठ आहेत अजून. पण सत्तावीस वर्षांनी बेफिकीर म्हणून बाहेर जायचं—" वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग विचारलं, "हे लिहिलं कोणी?"

"मी."

त्यांनी कागद डाव्या हातात घेतला, लांब धरला. मला वाटलं आता फाडतील. बराच वेळ बघत राहिले.

"समास एकसारखा सोडलायस," म्हणाले. "डावीकडे सव्वा इंच. वरपासून खालपर्यंत हललेला नाही."

घरी आल्यावर पट्टी लावून बघितली. सव्वा इंच.

सोमवार, ११ मार्च

चौकशी गुरुवारी. सरकारी तपासनीस येणार. साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुमचा अहवाल नीट आहे, तेवढाच धरून बोला. आणि परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, जागा तुमचीच." हसून बोलले. मी मान हलवली. मान आपोआप हलते, सोळा वर्षांची सवय.

कुठल्या बाजूने हलली ते त्यांनी त्यांच्या सोयीने घेतलं असेल.

मंगळवार, १२ मार्च

चिठ्ठी नाही.

गुरुवारसाठी झेरॉक्स काढायला फाइल उघडली. ११ फेब्रुवारी आहे, १३ आहे. १२ नाही. क्लिपमध्ये भोकाजवळचा फाटका कोपरा अडकलाय, नखाएवढा.

चिठ्ठी तिथे आहे हे मी फक्त एकाला सांगितलं होतं.

घरी आल्या आल्या त्याला विचारलं. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. "चिठ्ठी कुठे आहे?"

"मला काही विचारू नकोस."

"जाळलीस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं, मला वाचता आलं नाही. "विचारू नकोस म्हटलं ना," म्हणाला आणि अंघोळीला गेला. आई विचारते, काय जाळलं? म्हटलं, काही नाही, दूध.

मीच त्याला नोकरीला लावलं. बोटाला धरून शाळेत नेलं, बोटाला धरून कारखान्यात नेलं. बोट म्हटलं तरी आता कसंतरी होतं.

बुधवार, १३ मार्च

सकाळी बाईंना सगळं सांगितलं, भावासकट. विचारलं, काय करू?

बाई म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही. मी इंग्रजी शिकवते. उद्या जे काय बोलणार असशील ते लिही, मी चुका काढते."

मी लिहिलं. सहा वाक्यं. पाऊण तास लागला. त्यांनी लाल पेनाने एकाच ठिकाणी खूण केली. मी लिहिलं होतं, 'द रिपोर्ट वॉज टाइप्ड.' अहवाल टाइप केला गेला. 

"यात कुणी टाइप केला?"

"मी."

"मग वाक्यात तू कुठे आहेस?"

मी खोडून लिहिलं, 'आय टाइप्ड द रिपोर्ट.' त्यात मायसेल्फ घालू का विचारलं. त्या म्हणाल्या, "गरज वाटते का?" मी विचार केला. नाही वाटली.

जिन्यात उतरताना हिशेब मांडला. मी खोटं बोलले तर काका जातात. खरं बोलले तर धाकटा जातो – आणि हातात कागद नाही, म्हणजे तो जाऊनही काका राहतील याची खात्री नाही. दोघांपैकी एकाची आई माझी आई आहे.

गुरुवार, १४ मार्च

एकेकाला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. साहेब बाहेर. तपासनीस साधा माणूस, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. सहा इंग्रजी वाक्यं पाठ होती, त्यांनी मराठीत विचारायला सुरुवात केली!

"हा अहवाल कोणी तयार केला?"

"साहेबांनी सांगितला. इंग्रजी मी केलं आणि टाइप मी केलं."

"कामगाराने जाळी काढली हे तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मग लिहिलंत कसं?"

"सांगितलं म्हणून."

तोंडातून शब्द बाहेर पडला आणि मला गच्चीचा कठडा आठवला. हेच तो म्हणाला होता. मी त्याच्यावर ओरडले होते.

मग सगळं सांगितलं. १२ फेब्रुवारीची चिठ्ठी, त्यातला मजकूर शब्दन् शब्द. सही कुणाची विचारलं. "माझ्या भावाची." चिठ्ठी कुठे आहे? "शनिवारी फाइलला होती. आता नाही." कुणी घेतली असं वाटतं? मी गप्प राहिले. त्यांनीही रेटलं नाही. फक्त विचारलं, "चिठ्ठी तुम्ही स्वतः वाचलीत?"

"हो. स्वतः."

त्यांनी लिहून घेतलं. चेहऱ्यावर काहीच नाही. विश्वास बसला की नाही, कळायला मार्ग नाही.

बाहेर आले तर धाकटा बाकावर बसलेला, त्याचा नंबर पुढे. मी त्याच्याकडे न बघता गेले.

शनिवार, १६ मार्च

मला स्टोअरमध्ये बसवलं. डिंकाचे डबे मोजते. साहेब म्हणाले, तात्पुरतं. परीक्षेचं नाव काढलं नाही, त्यांनीही, मीही.

स्टोअरच्या मागच्या भिंतीला जाळी टेकवून ठेवलेली आहे. चार बोल्ट तिला दोऱ्याने नीट बांधून ठेवलेत, हरवू नयेत म्हणून. गाठ धाकट्याची आहे, मी ओळखते.

मंगळवार, १९ मार्च

पाच दिवस झाले, त्याच्याशी बोलले नाही. तोही नाही. ताट आई वाढते, निरोप आई पोचवते. आज वैतागली. "दोनच पोरं दिली देवाने, तीही मुकी."

सकाळी शिकवणीला गेले. बाईंनी नवा धडा घेतला नाही. म्हणाल्या, वाक्य कर – 'फरगिव्ह' वापरून. मी लिहिलं, 'आय कॅननॉट फरगिव्ह हिम.' त्या म्हणाल्या, "बरोबर आहे." मग मी आपणहून खाली दुसरं लिहिलं, शेवटचा शब्द बदलून. 'मायसेल्फ.' तेही बरोबर आहे म्हणाल्या आणि वही मिटली.

गुरुवार, २१ मार्च

तपासनीसांच्या निकालाची प्रत सूचना फलकावर लागली. काकांवरचा ठपका काढला, त्यांना कामावर घ्यायचं. जाळी काढायचा हुकूम साहेबांचा, जबाबदारी त्यांची. खाली पुराव्यांची यादी. पहिलीच ओळ – 'ऑन इलेव्हन्थ मार्च द फिटर हिमसेल्फ ब्रॉट द स्लिप टु धिस ऑफिस.' निकालापर्यंत कुणाशीही बोलू नये अशी त्याला ताकीद होती, हेही लिहिलंय.

अकरा मार्च. माझ्या जबानीच्या तीन दिवस आधी.

तडक वर्कशॉपात गेले. तो कानशीने काहीतरी घासत होता. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याने वर बघितलं, फडक्याला हात पुसले आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.